साक्षीच्या तळ्यातले मासे

१

डोळे मिटा आणि एक तळं समोर आणा. फार मोठं नाही, तुमच्या शाळेचे दोन वर्ग शेजारी शेजारी मावतील एवढंच. काठाला दगड रचलेले, एक लोखंडी बाक, आणि बाकाजवळ पाटी: ‘आमच्या हॉटेलचं सांडपाणी शुद्ध होऊन या तळ्यात येतं. मासे पाहा आणि खात्री करा.’ आता त्या पाण्यात चाळीस मासे सोडा. रोहू सोडा, कटला सोडा. कुणी भाकरीचा तुकडा टाकला की सगळे एका जागी गोळा होतात, पाणी उकळल्यासारखं दिसतं.

दिसलं? आता तेच चाळीस मासे पोट वर करून तरंगताना बघा.

बघवत नाही. ज्योतीलाही बघवत नव्हतं, पण तिला बघणं भाग होतं. ती काठावर उकिडवी बसली आणि हाताला लागलेला पहिला मासा तिनं उचलला. डोळे दुधाळ झाले होते. कल्ल्यांवर चिकट साय धरली होती, जशी शिळ्या दुधावर धरते. तिनं दुसरा उचलला. तोही तसाच.

हे हॉटेल सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला होतं. निर्झरा हॉटेल समूहाची तीन हॉटेलं. मुख्य कार्यालय हिंगोलीला. वर्षापूर्वी समूहानं ठरवलं, की पाणी, वीज, कचरा आणि कामगारांची सुरक्षा या साऱ्यांची मिळून एकच पद्धत बसवायची. प्रत्येक कामाला वही, वहीत तासातासाचे रकाने, रकान्यात सही. ही पद्धत बसवली मुख्य कार्यालयातल्या ज्योतीनंच. दर दोन महिन्यांनी ती तिन्ही हॉटेलांत फिरायची, वह्या तपासायची, चुका दाखवायची. पुढच्या सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार होते. त्यांनी मान डोलावली की तिन्ही हॉटेलांना प्रमाणपत्र.

आणि काल, शनिवारी, संध्याकाळी पाचला मासे मेलेले सापडले. आज रविवार होता. साल होतं दोन हजार सहा, महिना मार्च.

व्यवस्थापक गोपीचंद छत्री घेऊन आले. गृहस्थ गोलमटोल, बोलायला गोड.

“मॅडम, उगीच उन्हात आलात तुम्ही. यात शोधण्यासारखं काही नाही. गुन्हेगार वहीतच बसलाय.” त्यांनी बगलेतली वही उघडली. “बघा. सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटवर सोनाजी. दुपारी दोन, तीन, चार, पाच. चारही रकान्यांत त्याची सही. माणूस जागेवर होता आणि मासे मेले. म्हणजे झोपला. ब्लोअर बंद पडला, पाण्यात हवा गेली नाही, मासे गुदमरले.”

“त्याचं काय करणार?”

“मी कोण करणारा? बुधवारी मुख्य कार्यालयातून दोन साहेब येताहेत. मेमो, बदली, वेळ पडली तर नोकरीही जाईल. नोकरी गेली की खोली सोडावी लागते, हे तुमच्याच नियमात आहे.” त्यांनी छत्री मिटली. “पोरीची वार्षिक परीक्षा आहे म्हणे पंधरा दिवसांनी. वाईट वाटतं. पण सही ती सही.”

ज्योतीनं हातातला मासा खाली ठेवला. गुदमरलेला मासा असा नसतो, एवढं तिला कळत होतं. मग हा कशानं मेला?

२

हॉटेलच्या मागं कामगारांच्या चार खोल्या होत्या. शेवटच्या खोलीत सोनाजी, त्याची बायको पद्माबाई आणि बारा वर्षांची शीतल. पद्माबाई हळदीच्या दिवसांत जवळच्या शेतावर हळद निवडायला जायची. तिची नखं मार्चभर पिवळी असत.

“जय भीम, सोनाजीदादा.”

“जय भीम, मॅडम. बसा.” त्यानं घरातली एकुलती खुर्ची पुढं केली आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला.

“काल दुपारी कुठं होता?”

“हितंच. प्लँटवर.”

“झोप लागली होती?”

“न्हाई.”

“मग मासे कशानं मेले?”

“ते मला कसं कळंल? मी आलो तवा सगळे...” तो थांबला.

“आलात? कुठून आलात?”

पद्माबाईची तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. करपल्याचा वास आला.

“आलो न्हाई,” सोनाजी म्हणाला. “उठलो. उठलो म्हणायचं व्हतं. लिहून घ्या मॅडम. डोळा लागला माझा.”

दारात शीतल उभी होती. तिनं आधी बापाकडे पाहिलं, मग ज्योतीकडे.

“बा, खोटं काहून बोलून राहिला?”

“गप,” पद्माबाई म्हणाली. “जेव आदी. मोठ्याच्या मधी तोंड घालू नको.”

“मी नाही घालत. पण झोपला न्हवता. हितं न्हवताच तर झोपंल कसा?”

पद्माबाईनं तिचा दंड धरून तिला आत ओढलं. सोनाजीनं मान वर केली नाही.

ज्योतीनं आजवर पुष्कळ माणसं तपासली होती. चूक करून ‘मी केली नाही’ म्हणणारी तिला रोज भेटत. न केलेली चूक मागून घेणारा तिनं पहिल्यांदाच पाहिला.

३

जनरेटरच्या खोलीत प्रभू स्टुलावर बसून पेपर वाचत होता. वीज गेली की जनरेटर लावायचा, आली की बंद करायचा, एवढंच त्याचं काम.

“या मॅडम. वही दाखवू का चहा सांगू?”

“वही.”

“मला वाटलंच. तुमी चहा कदी घेतच न्हाई. आमी म्हणतो, मॅडमला रकान्यात वाढला तर घेतील.”

ती हसली नाही. “काल दुपारी ब्लोअर बंद होता का?”

“कोण म्हणालं? ब्लोअर माझ्याच लाईनीवर हाय. लाईट गेली की मी जनरेटर लावतो, ब्लोअर चालू. लाईट आली की लाईटवर, ब्लोअर चालू. काल दिवसभर बंद न्हवता.”

“वीज किती वाजता गेली होती?”

“दुपारी दोन ते सहा. लोडशेडिंगचं नवं टाईमटेबल, कालपासून. आदी सकाळी आठ ते बारा जायची. काल पावणेआठला सबस्टेशनवरून फोन आला, का आजपासून दुपारची करून राहिलो. मी म्हणलं, करा बाबा, आमाला इचारून कवा केली तुमी?” त्यानं जनरेटरवरचं, कधी किती तास चालला ते वेळेसकट नोंदणारं मीटर दाखवलं. “वहीवर विश्वास नसंल तर हे बघा. ह्याला लिवता येत न्हाई म्हणून खोटंबी बोलता येत न्हाई.”

मीटरवर शनिवारचे चार तास होते. दुपारचे.

ज्योतीनं पिशवीतून सोनाजीची वही काढली. त्यात ब्लोअरसाठी एक रकाना होता: वीज कशावर. सोनाजीनं सकाळी आठ ते बारा ‘जनरेटर’ लिहिलं होतं. दुपारी दोन ते सहा ‘लाईन’, म्हणजे बाहेरची वीज.

आता पुस्तक क्षणभर उलटं ठेवा आणि तुम्हीच विचार करा. सकाळी वीज होती, आणि वही म्हणते नव्हती. दुपारी वीज नव्हती, आणि वही म्हणते होती. झोपलेला माणूस एखादा तास चुकेल. पण सगळा दिवस उलटा कुणाचा होतो?

ज्याला वेळ बदलल्याचं कळलंच नाही, त्याचा. जो पावणेआठच्या आधी निघून गेला आणि जाण्यापूर्वी जुन्या वेळेप्रमाणे पूर्ण दिवसाचे रकाने भरून गेला, त्याचा.

ज्योतीनं वही मिटली. ब्लोअर चालू होता, म्हणजे मासे गुदमरले नाहीत. सोनाजी जागेवर नव्हता, म्हणजे शीतल खरं बोलत होती. मग हा माणूस आपली सुटका आपल्याच हातानं का अडवतोय?

४

तळं भरलं की जास्तीचं पाणी नाल्यात जायचं. नाल्याच्या कडेला मल्हारी मेंढ्या चारत होता. डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी, मार्चच्या उन्हातसुद्धा.

“काका, रोज इथंच पाणी पाजता का मेंढ्यांना?”

“व्हय. साफ असतंय. काल न्हाई पेली.”

“कधी?”

“तीनच्या सुमाराला. पुढची मेंढी गेली, तोंड लावलं, आन् अशी मागं सरली जशी कुणी थोबाडात दिली. नाक फुरफुर करत राहिली. मग एकबी पुढं जाईना. मी म्हणलं, काहीतरी बिघाड हाय. हाकलून वर नेली धरणाला.”

“सोनाजीला पाहिलं होतं काल?”

“दोनदा. सकाळच्या एसटीत चढला फाट्यावर, पाठीवर पोतं घेऊन. कंडक्टर वरडून राहिला, पोतं टपावर टाक म्हणून. आन् पाचला उतरला, मोकळ्या हातानं.”

“हे कुणाला सांगितलंत का?”

“गेलो व्हतो तुमच्या साहेबाकडं सकाळी. म्हणाले, लिहून दे. आता मला लिवता येत असतं तर मेंढरं काहून वळली असती?” तो हसला, दात नसलेलं हसू. “आमच्या बोलण्याला सही नसते ना, ताई.”

ज्योती तशीच मागं फिरली आणि सोनाजीच्या दारात उभी राहिली. आत गेली नाही.

“पोतं कुणाचं होतं?”

सोनाजी उंबऱ्यापर्यंत आला. मग म्हणाला, “साहेबाच्या घरचं. वर्षाची हळद. हिंगोलीला नेऊन टाक म्हणाले. कामाच्या येळंत घरचं काम सांगितलं, हे ते कबूल करणार न्हाईत. अन् मी त्यांचं नाव घ्यायचं न्हाई.”

“पण तुम्ही इथं नव्हता हे सिद्ध होतंय. जनरेटर सांगतोय, मल्हारीकाका सांगताहेत. का अंगावर घेता?”

“मग वही?”

“वहीचं काय?”

“खोटी नोंद केली तर तिथल्या तिथं काम बंद, चांगल्या वागणुकीचा कागद न्हाई. तुमीच फळ्यावर लिवलं मॅडम, पाठ हाय मला. झोपलेल्याला मेमो असतो, बदली असते. खोटं लिवणाऱ्याला काहीच नसतं.”

“मग आधीच भरून का ठेवली?”

त्यानं तिच्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर ज्योतीला बरं वाटलं असतं.

“दिवाळीच्या टायमाला ही पोरगी तापानं फणफणली व्हती. दोन तास दवाखान्यात गेलो. वहीत दोन रकाने कोरे ऱ्हायले. तुमी आला, लाल पेनानं गोल केले, आन् साऱ्यांसमोर वाचून दाखवलं, का सोनाजीच्या वहीत दोन रकाने कोरे. म्हणाला, कोरा रकाना म्हंजे काम झालंच न्हाई. आठवतं का?”

तिला आठवलं. आपला आवाजसुद्धा आठवला.

“तवापासून कुटं जायचं असलं का भरूनच जातो. मी एकटा न्हाई. सगळेच.”

५

अंगणात दोरीवर कपडे वाळत होते. ज्योती तिथंच बाजेवर बसली. समोर एक पिवळी ओढणी लटकत होती. हळद निवडताना डोक्याला गुंडाळलेली असावी. तिच्या एका टोकाला विटकरी लाल रंगाचे डाग होते.

हळदीच्या कपड्याला साबण लागला की लाल पडतो, हे तिकडच्या पाच वर्षांच्या पोराला ठाऊक असतं. म्हणूनच त्या ओढणीकडे आजवर कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं.

“साबण चांगलाच चोळलेला दिसतोय,” काहीतरी बोलायचं म्हणून ज्योती म्हणाली.

शीतल पायरीवर बसली होती. “साबण लावलाच न्हाई.”

“मग लाल कशी झाली?”

“तेच तर. काल मी शेतावरून आले आन् तळ्याला पाणी पडतं ना पायपाचं, तिथं बुडवली. नुसती बुडवली. लालभडक झाली. माय म्हणाली, साबणाचा हात लागला असंल. पण साबण घरी व्हता.”

“किती वाजले होते?”

“घड्याळ न्हाई. पण मल्हारीकाका मेंढरं मागं हाकून राहिले व्हते.”

ज्योती उठून उभी राहिली. दिवसभरात पहिल्यांदा तिच्या अंगात जरा जोर आला.

“शीतल, वाटीभर पाण्यात हळद कालव. आणि तुझ्या वहीतलं एक कोरं पान आण.”

दोघींनी पानाच्या पट्ट्या फाडल्या, हळदीच्या पाण्यात भिजवल्या आणि दगडावर वाळत घातल्या. हे तुम्हालाही घरी करता येईल. पट्टी लिंबाच्या रसात बुडवा, पिवळीच राहते. साबणाच्या पाण्यात बुडवा, लाल होते. चुन्याच्या निवळीत बुडवा, आणखी लाल. जे पाणी साबण-चुन्याच्या जातीचं असतं, ज्याला आम्लारी म्हणतात, ते हळदीला लाल करतं. आणि ते फार कडक असलं तर कातडी जाळतं, डोळे जाळतं, माशांचे कल्ले जाळतं.

वाळलेल्या पट्ट्या घेऊन त्या निघाल्या. तळ्यात एक बुडवली. जेमतेम गुलाबी झाली, पाणी एका दिवसात पातळ झालं होतं. सोनाजीच्या प्लँटच्या टाक्यांत बुडवली, पिवळीच राहिली. म्हणजे जे काही आलं, ते प्लँटमधून आलं नव्हतं.

“तळ्यात अजून कुठून पाणी येतं?” ज्योतीनं विचारलं, जरी तिला उत्तर माहीत होतं. नकाशा तिनंच काढला होता. लाँड्रीत चादरी शेवटच्या खेपेला खळबळून काढल्या की ते पाणी जवळजवळ स्वच्छच असतं, म्हणून बचतीसाठी ते थेट तळ्याकडे वळवलं होतं.

लाँड्रीच्या मागं नालीचं झाकण होतं. शीतलनं ते सरकवलं. तळाला पांढरट गाळ साचला होता. तिनं पट्टी टेकवली.

पट्टी कुंकवासारखी लाल झाली.

मागून कुणीतरी म्हणालं, “हात लावू नको, पोरी. भाजतं ते.”

६

तो थावरा होता, लाँड्रीचा मुकादम. उजव्या पायाला फडकं गुंडाळलेलं, त्याच्या वर टिपक्याटिपक्यांचे भाजल्याचे डाग, चालताना टाच टेकवत नव्हता.

“पायाला काय झालं, थावरादादा?”

“इस्त्रीनं भाजलं.”

“इस्त्री हातात धरतात. पायाच्या वर कशी पडली?”

“पडली.”

“उभी पडली असती तर हाड फुटलं असतं. हे शिंतोडे उडालेत.”

थावरानं शीतलकडे पाहिलं. “पोरीला घरी पाठवा, मॅडम.”

“मी न्हाई जाणार,” शीतल म्हणाली.

थावरा झाकणाच्या कडेवर बसला. वयस्क माणूस, केस पांढरे. बराच वेळ तो पायावरचं फडकं सोडत-बांधत राहिला.

“तीन डबे व्हते हितं,” तो म्हणाला. “जुन्या मालकाच्या टायमाचे. तेव्हा चादरीचे तेलकट डाग काढायला कास्टिक सोडा वापरायचे. वरचं नाव गळून गेलं व्हतं. पडून व्हते बिचारे, कुणाला तकलीफ न्हवती. कालच्या आदल्या शनिवारी तुमी आला, पाहिलं, कागदावर लिवलं.”

ज्योतीला तो कागद दिसायला लागला. ‘लाँड्रीमागे नाव नसलेले तीन डबे. धोका. सात दिवसांत हलवणे.’ खाली तिची सही.

“कुठं हलवणे, ते न्हाई लिवलं तुमी. मी साहेबाला इचारलं. साहेब म्हणाले, शनिवारपर्यंत दिसले न्हाई पाहिजेत, कसं ते तू बघ. आता मी काय करू? डोक्यावर घेऊन तांड्यावर नेऊ? तिथं लेकरं हायेत. बाहेर टाकायचे तर गेटची पावती लागते, पावतीवर मालाचं नाव लागतं, नाव तर गळालेलं. म्हणून पाण्यात कालवून नालीत सोडले. मला वाटलं, पाण्यात गेलं का पाणी होतं.”

“सोनाजी असता तर?”

“सोनाजीनं वरडून डोक्यावर घेतलं असतं सगळं. तो त्या माशांना नावानं हाक मारायचा. म्हणून तर त्याला शनिवारी पाठवलं का काय, ते मला म्हाईत न्हाई. मी त्यातलं बोलत न्हाई.” त्यानं खाली पाहिलं. “तीनच्या आत तिन्ही रिकामे झाले. पाचला सोनाजी आला. त्यानं हाक मारली, ती मी हितं ऐकली. पण बाहेर नाही गेलो.”

ज्योती कार्यालयात गेली. तिच्या त्याच कागदावर समोरच्या रकान्यात उत्तर होतं: ‘पूर्ण. शनिवार.’ खाली गोपीचंद यांची सही, ठळक, वळणदार. गेटच्या वहीत मात्र शनिवारी एकही डबा बाहेर गेल्याची नोंद नव्हती.

सगळं जुळलं होतं. कशानं, कुणी, कधी, का. कोडं सुटलं की हलकं वाटतं असं तुम्हाला वाटत असेल. ज्योतीला वाटलं नाही. धाग्याचं एक टोक गोपीचंदच्या हातात होतं. दुसरं शोधत ती ज्या सहीपाशी आली, ती तिची स्वतःची होती.

७

बुधवारी सकाळी अकरा वाजता भोजनगृहात चार टेबलं जोडून बैठक बसली. मुख्य कार्यालयाचे दोन साहेब मधोमध. एका बाजूला गोपीचंद, दुसऱ्या बाजूला ज्योती. भिंतीशी बाकावर सोनाजी, पद्माबाई, थावरा. दाराशी शिपाई. शीतलला ज्योतीनंच आणलं होतं. पट्ट्यांची परीक्षा तिनं करून दाखवायची होती.

ज्योतीनं अहवाल वाचला. काही लपवलं नाही, स्वतःचं नावही नाही. शीतलनं पट्टी गाळाच्या बाटलीत बुडवली, ती लाल झाली. मोठ्या साहेबांनी चष्मा सरळ करून ती पाहिली.

“हुशार मुलगी आहे,” ते म्हणाले. “कितवीत?”

“सहावीत.”

“छान.” मग ते गोपीचंदकडे वळले. “तुमचं म्हणणं?”

गोपीचंद घाबरलेले दिसत नव्हते. “मला एकच विचारायचंय, साहेब. मॅडम, सोनाजीची ही वही खरी का खोटी?”

“खोटी. मी सांगितलं ना. जाण्यापूर्वीच भरली होती.”

“आणि बाकीचे? मॅडमच म्हणतात, सगळेच असं करतात. म्हणजे वर्षभराच्या सगळ्या वह्या खोट्या. तिन्ही हॉटेलांच्या. मग सोमवारी आपण परीक्षकांना काय दाखवणार?” त्यांनी हात पसरले. “आणि वही खरी असेल, तर सोनाजी इथं होता. मी दोन्हीला तयार आहे.”



मोठ्या साहेबांनी ज्योतीचा अहवाल उचलला, त्याच्या कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या आणि तो तिच्याकडे परत सरकवला. “ज्योतीताई, पद्धत तुमचीच आहे. तुम्हीच ती अशी मोडायची का? हे जरा सुधारून आणा. डब्यांचं काम पूर्ण झालंय, असं कागद सांगतो. तेवढं राहू द्या.”

“सर, चाळीस मासे मेले. नाल्याचं पाणी जनावरं पितात. उद्या कुणी लेकरू पिईल.”

“म्हणूनच तर पद्धत हवी. प्रमाणपत्र मिळालं की सुधारणा करता येतात. नाही मिळालं तर ही यंत्रणाच बंद पडेल, आणि मग पाणी जसंच्या तसं नाल्यात. तुम्हाला ते हवंय?”

त्यातलं अर्धं खरं होतं, हे ज्योतीला ठाऊक होतं.

साहेब सोनाजीला म्हणाले, “ये इकडं. डोळा लागला असं लिहून दे. मेमो मिळेल, हिंगोलीच्या हॉटेलात सफाईला बदली. पोरीची परीक्षा होईपर्यंत खोली राहील. नाहीतर खोटी नोंद. मग माझ्या हातात काही नाही.”

सोनाजी उठला. थावराकडे त्यानं एकदा पाहिलं. थावरा आपल्या पायाच्या फडक्याकडे बघत होता.

“दादा, नका लिहू,” ज्योती म्हणाली. “मी वर कळवते. प्रदूषण बोर्डाला कळवते.”

“कळवा मॅडम. पण ते येईपर्यंत आमी कुठं ऱ्हायचं?” हे त्यानं इतक्या हळू आणि समजुतीनं म्हटलं, जसं काही तिलाच धीर द्यायचा होता. “शिपाईमामा, कागद द्या.”

मजकूर आधीच टाईप केलेला होता. गोपीचंदनी पेनाचं टोपण काढून पेन पुढं केलं.

“व्हय,” सोनाजी म्हणाला. “डोळा लागला माझा. माझ्या चुकीनं मेले.”

पद्माबाईनं पदर तोंडाला लावला. ज्योतीनं आपल्या अहवालाच्या पानांवर नजर खिळवून ठेवली. एकही अक्षर दिसत नव्हतं. खोलीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला खरं काय ते माहीत होतं. प्रत्येकाकडे गप्प राहायला एकेक कारण होतं, आणि प्रत्येकाचं कारण खरं होतं.

शीतलकडे एकही नव्हतं.

ती टेबलाला वळसा घालून आली. साहेबांच्या खुर्चीमागून, गोपीचंदच्या खुर्चीमागून, बापाच्या शेजारी. कागदाच्या तळाशी सहीसाठी जागा सोडली होती. तिनं त्या जागेवर आपला उजवा तळहात ठेवला, बोटं फाकवून, खालची सगळी जागा झाकली जाईल असा.

“शीतल,” सोनाजी म्हणाला. “हात काढ, बाई.”

तिनं मान हलवली.

“लेकरा, हात काढ. साहेब थांबलेत.”

तिनं डावा हातही पहिल्या हातावर ठेवला, आणि दोन्हीवर अंगाचा सगळा भार टाकला.